शनिवारचा पान्हा

शनिवार, १० नोव्हेंबर १९५१. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटे. गोठ्यात गाई सदतीस, धार काढणारी माणसे नऊ, आणि दुधाचे भांडे एकही नाही. नऊ जण नऊ गाईंच्या कासेखाली बसून सरळ सिमेंटच्या फरशीवर धारा सोडत होते. दूध उतारावरून नालीत जात होते आणि नालीतून शेणाच्या खड्ड्यात.

मी दाराशी उभा होतो. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ येऊन थांबले. त्यांचा डावा बूट दुधात होता आणि त्यांच्या ते लक्षात आलेले नव्हते.

"किती जात असेल?" त्यांनी विचारले.

शनिवारी वजन करता येत नाही, हे त्यांना सांगण्याची मला गरज नव्हती. मी म्हणालो, काल, शुक्रवारी दुपारी, याच गाईंनी दोनशे एकेचाळीस लिटर दिले होते.

"आणि सध्या एका मुलाला रेशनवर किती मिळते?"

"आमच्याकडे अर्धा लिटर. शहरात त्याहून कमी."

"म्हणजे चारशे ब्याऐंशी मुले," ते म्हणाले, आणि पाठ करावयाचा असल्यासारखा तो आकडा त्यांनी पुन्हा एकदा उच्चारला.

ते रब्बी झेलिग व्हर्बिन होते. वय त्र्याऐंशी. लिथुआनियातील एका लहान गावी ते रब्बी झाले तेव्हा ज्यू धर्मगुरूंपैकी बहुतेकांचे म्हणणे असे होते की पवित्र भूमीत परतणे हे देवाचे काम आहे, माणसाने त्यात हात घालू नये. व्हर्बिन यांनी भर प्रार्थनालयात उभे राहून सांगितले की देव आपले काम करील, नांगर आपण धरायचा आहे. त्याबद्दल गावाने त्यांना ऐन हिवाळ्यात बायकोमुलांसह बाहेर काढले. १९०६ साली ते याफा बंदरात उतरले आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी नांगर धरायला शिकले. आता पत्नी निवर्तल्यानंतर ते यिझ्रएल खोऱ्यातील आमच्या सामुदायिक शेतीच्या वसाहतीत मुलीकडे राहायला आले होते. या वसाहतीतील निम्मी माणसे त्यांची जुनी पत्रके वाचून या देशात आली होती.

माझी ओळख इतकी मोठी नाही. मी हस्केल आवासकर. जन्म अलिबागजवळच्या आवास गावी, शिक्षण मुंबईच्या तांत्रिक विद्यालयात, यंत्र विषयातील पदविका. तेव्हा वय पंचवीस. वसाहतीने परदेशातून एक जुने दूध काढण्याचे यंत्र आणले होते आणि ते चालते ठेवण्यासाठी मला सात महिन्यांपूर्वी घेतले होते. मी अजून सभासद नव्हतो, उमेदवार होतो.

वाचकांसाठी अडचण थोडक्यात सांगतो. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, धार काढणे हे निषिद्ध काम आहे. परंतु गाय न पिळता ठेवणे ही मुक्या जनावराची छळणूक, आणि तीही निषिद्ध. पूर्वी शेजारच्या अरब गावातील एक शेतकरी शनिवारी येऊन धार काढी आणि दूध घेऊन जाई. १९४८च्या युद्धानंतर ते गाव रिकामे झाले. तो शेतकरी कुठे गेला हे आमच्याकडे कोणी बोलत नसे. तेव्हापासून एकच मार्ग उरला होता: दूध कोणाच्याही उपयोगी पडणार नाही अशा रीतीने जमिनीवर सोडणे. सारा देश रेशनच्या रांगेत उभा असताना आम्ही दर शनिवारी दोन वेळा हे करीत होतो.

याला कंटाळून गोठ्याचा प्रमुख गेरशोन फोइर याने ठराव मांडला होता की सगळ्या गाई रस्त्यापलीकडच्या वसाहतीला विकून टाकाव्यात. त्या वसाहतीत शब्बाथ पाळत नसत. त्यांनी होकारही कळवला होता. सभासदांचे मतदान १६ डिसेंबरला होते.

"तू कुठला?" रब्बींनी मला विचारले.

मी उत्तर देण्याआधी जवळच्या गाईखालून हेद्वा बोलली. ती हंगेरीची, गोठ्यातील सर्वांत जलद हाताची आणि तितक्याच जलद जिभेची. "हे हिंदुस्थानचे महाराज आहेत, रब्बी. विचारा त्यांना, त्यांच्याकडे शनिवारी हत्तिणींच्या धारा कोण काढत असे."

"आम्ही महाराज नव्हतो," मी म्हणालो. "तेली होतो. लोक आम्हांला शनवार तेली म्हणत."

रब्बींनी शनवार म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले की शनिवारी आमचा घाणा बंद असे, बैल मोकळा असे, म्हणून ते नाव. आजूबाजूच्या गावांना ज्यू हा शब्दच ठाऊक नव्हता. जो तेली शनिवारी तेल गाळत नाही तो शनवार तेली, एवढीच आमची ओळख.

गेरशोन मागून आला होता. तो जर्मनीत शेतकीचे शिक्षण घेतलेला, सभ्य आणि नेमका माणूस. त्याने शांतपणे विचारले की आमच्याकडे रब्बी किती होते.

"एकही नाही."

"मग शब्बाथचे नियम कोण सांगत असे?"

मी नालीकडे पाहू लागलो. गेरशोनने मान हलवली, जणू एका कोष्टकातील रिकामी जागा त्याला अपेक्षित होती तशीच सापडली. रब्बी मात्र माझ्याकडे वळून उभे राहिले आणि घाण्याला बैल किती लागतात, ते उजवीकडून फिरतात की डावीकडून, त्यांच्या डोळ्यांवर झापड कशाची असते, असे एकामागून एक विचारू लागले. अर्धा तास ते विचारत राहिले. त्यांचा बूट तेवढा वेळ दुधातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते माझ्या कार्यशाळेत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. शब्बाथला दूध वाया जाणार नाही आणि नियमही मोडणार नाही असे यंत्र करता येईल का, हे त्यांना विचारायचे होते. मी म्हणालो, "रब्बीसाहेब, नियम मला शिकवा, यंत्र मी करतो." तिथे त्यांना कोणी साहेब म्हणत नसे, पण माझ्या जिभेला दुसरे वळण नव्हते.

त्यांनी नियम शिकवला आणि मी एक रचना सुचवली. यंत्रात गाईच्या सडांना रबरी पेले लावतात आणि पंपाच्या ओढीने दूध नळीतून कॅनमध्ये येते. पंप घड्याळाने सुरू करता येईल, हे सोपे होते. अडचण पेले लावण्याची. ओढ चालू असताना माणसाने पेला लावला तर त्या माणसानेच धार काढली असे होईल. म्हणून मी नळीवर एक तोटी बसवायचे ठरवले. पेले लावताना तोटी नालीकडे उघडी राहील, म्हणजे दूध वायाच जाईल आणि नियमाला धक्का लागणार नाही. चार मिनिटांनी शुक्रवारीच लावून ठेवलेल्या घड्याळातून दोरा सुटेल, वजन खाली येईल आणि तोटी कॅनकडे वळेल. त्या क्षणी कोणाचाही हात कशालाही लागलेला नसेल.

रब्बींनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पेला दाखव."

मी पंप सुरू केला. त्यांनी आपला अंगठा रबरी पेल्यात घातला आणि डोळे मिटून दोन मिनिटे तसेच उभे राहिले. नंतर तोटी सोडवून घेतली, तिच्यातून फुंकर मारून पाहिली. घड्याळाचे आवरण काढायला लावले. त्या दिवसापासून तीन आठवडे ते रोज येत. एकदा ते गाईखाली वाकून इतका वेळ सड चाचपत बसले की हेद्वा म्हणाली, "रब्बी, तिचे लग्न ठरवताय का?" ते हसले, पण हात काढला नाही.

मला याचे कुतूहल वाटू लागले. देशातील इतर विद्वान अशा प्रश्नांची उत्तरे घरी बसून, ग्रंथ उघडून देत. यांना प्रत्येक वस्तू हातात हवी असे. एकदा मी तसे विचारलेही. ते म्हणाले, "ग्रंथ मला पाठ आहेत. गाय पाठ नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवली नाही. गाई विकल्या गेल्या तर त्यात त्यांचे काय जाणार आहे, हे ते उघड बोलत. पन्नास वर्षे त्यांनी दोन बाजूंशी वाद घातला होता. जुन्या रब्बींना ते सांगत की धर्म पाळून राज्य चालवता येते. धर्म सोडलेल्या तरुणांना ते सांगत की राज्य चालवूनही धर्म पाळता येतो. "आणि आता," ते म्हणाले, "ज्या वसाहतीने माझे म्हणणे खरे मानले, तीच सांगते आहे की ज्यू माणसाला गाय पाळायची असेल तर शनिवारसाठी दुसरा कोणी शोधावा लागतो. हे खरे असेल तर मी पन्नास वर्षे खोटे बोललो."

गेरशोनचे म्हणणे याहून साधे होते. नऊ माणसांनी दर शनिवारी जमिनीवर दूध सोडायचे, मुलांनी ते पाहायचे, आणि मग आपण त्यांना अन्न टाकू नका असे सांगायचे, हे त्याला सहन होत नव्हते. तो दुष्ट नव्हता. गाई त्याने वासरे असल्यापासून वाढवल्या होत्या. विकायच्या म्हटल्यावर त्यानेच सर्वांत आधी गोठ्यात जेवण घ्यायचे सोडले होते.

यंत्र २५ नोव्हेंबरला तयार झाले. सोमवार ते गुरुवार आम्ही एकोणीस चाचण्या घेतल्या. एकोणीसही बरोबर आल्या. तोटी ठरल्या सेकंदाला वळत होती. गेरशोनने स्वतः घड्याळ तपासले आणि माझ्या वहीत सही केली. यंत्र चालणार म्हणून त्याने १ डिसेंबरच्या शनिवारी गोठ्यात तीनच माणसे ठेवली आणि बाकीच्यांना प्रार्थनेला जाऊ दिले.

त्या शनिवारी पहाटे घड्याळाने पंप सुरू केला. हेद्वाने पहिल्या गटाला पेले लावले. चार मिनिटांनी दोरा सुटला, वजन खाली आले, तोटी वळली. कॅनमध्ये काहीच आले नाही.

मी नळ्या पाहिल्या. ओढ होती. पेले घट्ट होते. कास तटतटलेली होती. दूध मात्र उतरत नव्हते. गाई शांतपणे उभ्या होत्या आणि पान्हा चोरत होत्या. दुसऱ्या गटाची तीच तऱ्हा. सदतीसपैकी अकरा गाईंनी थोडेफार दिले, बाकीच्यांनी थेंब दिला नाही. आम्ही पेले काढले, पुन्हा लावले, वाट पाहिली. त्यात दोन तास गेले. मी यंत्रात दोष शोधत राहिलो आणि दोष यंत्रात नव्हता.

शेवटी हेद्वा प्रार्थनालयाकडे धावली. प्रार्थना अर्धवट सोडून माणसे आली. काहींच्या खांद्यावर प्रार्थनेची शाल तशीच होती. ती गाईखाली लोळेल म्हणून त्यांनी तिचे टोक गळ्याभोवती गुंडाळले आणि फरशीवर धारा सोडायला सुरुवात केली. पण तोवर उशीर झाला होता. तीन गाईंची कास दगडासारखी झाली होती. चौदा क्रमांकाच्या गाईला ताप होता.

दुपारी सगळे निघून गेले तेव्हा रब्बी चौदा क्रमांकापाशी एका उपड्या बादलीवर बसले होते. त्यांचा तळहात तिच्या कासेवर होता. मी त्यांना म्हणालो की चूक माझी आहे. ते म्हणाले, "गरम आहे. हात लावून पाहा." मी हात लावला. "असेच होते, नाही का," ते म्हणाले, "बाहेरून कळत नाही." त्यांचा आवाज माझ्याशी बोलत असल्यासारखा नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी एका स्त्रीचे नाव घेतले, बाशे असे काहीतरी.

मला शिकवणाऱ्यांनी एक सवय लावली होती. चाचणी यशस्वी झाली आणि काम फसले, तर दोहोंत काय वेगळे होते याची यादी करायची. शनिवारी लिहिता येत नाही, म्हणून मी ती मनात केली. पंप तोच. घड्याळ तेच. गाई त्याच. पेले लावणारे हात तेच. मी हेद्वाला गाठले आणि चाचणीच्या दिवशी तिने पेला लावण्याआधी काय काय केले ते एकेक सांगायला लावले.

ती वैतागून सांगू लागली. गव्हाणीत पेंड टाकली. शेपटी बांधली. गरम पाण्याच्या फडक्याने कास पुसली. पेले लावले.

"आणि आज?"

"आज गरम पाणी कुठून आणू? आणि फडके पिळणे शब्बाथला चालते का? आज कोरड्या हाताने लावले," ती म्हणाली, आणि आपल्याच तळहातांकडे पाहू लागली.

एवढीच चूक होती. शब्बाथच्या यंत्राची चाचणी आम्ही सोमवारच्या हातांनी घेतली होती. इतके दिवस शनिवारी हाताने धार काढत असल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण हाताच्या उबेनेच गाय पान्हा सोडी. यंत्राला ऊब नव्हती. आम्ही नियमाच्या प्रत्येक कलमाचा विचार केला होता, गाईचा केला नव्हता.

मी रब्बींकडे परत गेलो आणि हे सांगितले. त्यांनी विचारले की मग तुमच्या गावी गाईला पान्हा कसा येत असे.

"वासराने," मी म्हणालो. हे इतके साधे होते की बोलताना मला संकोच वाटला. आवासला माझी सिपोराआत्या दोन गाई आणि एक म्हैस पाळत असे. धार काढण्याआधी ती वासरू सोडी. वासराने दोन ढुशा दिल्या की गाय पान्हा सोडी. मग वासराला बाजूला घेऊन आत्या चरवी लावी. येथील शास्त्रशुद्ध गोठ्यात वासरू जन्मल्याबरोबर आईपासून वेगळे करून बादलीवर वाढवत. त्यामुळे ही गोष्ट कोणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

"आणि शनिवारी?" रब्बींनी विचारले. "शनिवारी तुझी आत्या काय करीत असे?"

"शनिवारी ती धार काढत नसे. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायच्या आधी वासराचे दावे सोडून ठेवी. शनिवारचे दूध वासराचे."

"सगळे?"

"सगळे. आमच्या गाई थोडे देत. वासराला ते पुरे होई."

"ती जमिनीवर दूध सोडत नसे?"

"जमिनीवर दूध सोडलेले तिने पाहिले असते तर तिने आम्हांला घराबाहेर काढले असते."

रब्बी पुढे झुकले. "हे तिला कोणी शिकवले?"

"तिच्या सासूने. सासूला तिच्या सासूने. आत्याला वाचता येत नाही, रब्बीसाहेब. आमच्याकडे ग्रंथ नव्हते. शेमा ही एक प्रार्थना होती, सुंता होती, खवले नसलेला मासा खायचा नाही हे होते, आणि शनिवार होता."

ते गाईकडे वळले. मग म्हणाले, "शेकडो वर्षे रब्बीवाचून शब्बाथ सांभाळला. आणि येथे येऊन तू मला म्हणालास, नियम मला शिकवा."

रविवारी सकाळी गेरशोनने आमचे म्हणणे ऐकले आणि ठाम नकार दिला. वासरांना कासेची चटक लागेल, गाई बिघडतील, आणि या जातीच्या गाई एवढे दूध देतात की वासराने सगळे प्यायले तर ते मरेल. हे तिसरे त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून आत्याची रीत जशीच्या तशी घेता येत नव्हती. मी सुचवले की वासरू फक्त पान्हा आणण्यापुरते सोडावे आणि पुढचे काम यंत्राने करावे. वासराने दूध पिणे हे माणसाचे काम नव्हे, तेव्हा तेथे निषेध येत नाही, असे रब्बींनी सांगितले. पान्हा आल्यावर दूध जोराने उतरते, त्यामुळे नालीत सोडायचा वेळही चार मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आणता आला.

"दोन शनिवार," गेरशोन म्हणाला. "त्यानंतर मतदान. आणि प्रत्येक वेळी माणसे हाताशी उभी राहतील. पुन्हा एकही गाय तापलेली मला चालणार नाही." चौदा क्रमांकाचा एक सड कायमचा गेला होता. तिच्याकडे पाहण्याचे तो टाळत होता आणि मीही.

तीन आठवड्यांच्या आतली आठ वासरे आम्ही निवडली. गाई परकी वासरे जवळ येऊ देईनात. हेद्वाला दोन लाथा बसल्या. तेव्हा मला आत्याची दुसरी युक्ती आठवली आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी आम्ही वासरांच्या पाठीला मिठाचे पाणी चोळले. गाई चाटू लागल्या, आणि चाटणारी गाय लाथ मारत नाही. ८ डिसेंबरला एकवीस गाईंनी पान्हा सोडला. १५ डिसेंबरला तेहतीस गाईंनी. उरलेल्या चार गाईंनी शेवटपर्यंत वासरू मानले नाही. त्यांचे दूध जमिनीवरच गेले.

१६ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजता, भोजनगृहात सभा भरली. एकशे वीस सभासद हजर होते. मला मत नव्हते, पण आकडे वाचण्यासाठी बोलावले होते. मी ते वाचले. गेरशोनने ठराव मांडला. त्याने आमच्या यंत्राला नावे ठेवली नाहीत. त्याने एवढेच सांगितले की आठ वासरे, एक घड्याळ आणि एका वृद्ध माणसाच्या शब्दावर गोठा चालवणे हे धोक्याचे आहे, आणि ते चुकले तर काय होते हे आपण १ तारखेला पाहिले आहे.

मग पुढच्या रांगेतून एक जुना सभासद उठला. त्याने रब्बींना विचारले की आजवर तुम्ही आम्हांला प्रत्येक उत्तर ग्रंथातील पानासह दिलेत. वासराची ही रीत कोणत्या पानावर आहे?

रब्बी उठले. त्यांना उठायला वेळ लागला.

"पानावर नाही," ते म्हणाले. "मी ही रीत सिपोरा आवासकर हिच्याकडून घेतो. हिंदुस्थानातील आवास गावी राहते. तिला वाचता येत नाही. मी लेखी निर्णयात तिचे नाव लिहिले आहे."

खोलीत कुजबूज झाली, कोणीतरी हसलेही. (आत्याला मी हे नंतर पत्राने कळवले. तिने उत्तर लिहवून घेतले की नाव लिहिले ते ठीक, पण वासरू सोडायला तिकडच्या लोकांना घड्याळ कशाला लागते.)

रब्बी हसणे थांबण्याची वाट पाहत उभे राहिले. "तुम्हांला पान हवे आहे," ते पुढे म्हणाले. "मलाही हवे असे. १९०८ साली एका वसाहतीत मी रब्बी होतो. तेथे बाशे नावाची विधवा होती. दोन मुले, एक गाय. एका शुक्रवारी ती माझ्या दारी आली. शनिवारी धार काढणारा शेजारी लग्नाला परगावी गेला होता. काय करू, असे तिने विचारले. जमिनीवर सोडायची सवलत मला ठाऊक होती. पण माझ्याविषयी बोलले जात होते की हा नव्या विचारांचा रब्बी सगळेच सैल करतो. म्हणून मी ग्रंथ उघडला आणि कडक बाजू निवडली. तारे दिसेपर्यंत थांब, म्हणालो. गोठा माझ्या खिडकीतून दिसत होता. मी तेथे गेलो नाही."

त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"गाय बुधवारी मेली. महिन्याने बाशे मुलांना घेऊन याफाहून जहाजात बसली. जाण्याआधी मला भेटायला आली. मला वाटले, दोष द्यायला आली. तिने माझे आभार मानले, की मी तिला शब्बाथ मोडू दिला नाही. पन्नास वर्षे मी लोकांना या भूमीत बोलावतो आहे. एका कुटुंबाला मी स्वतः परत पाठवले. गेरशोन म्हणतो ते खरे आहे, म्हाताऱ्याच्या शब्दावर गोठा चालवू नका. तेहतीस गाई तुम्ही पाहिल्या आहेत. चार गाईही पाहिल्या आहेत. हात लावून पाहा आणि मग मत द्या."

त्यानंतर सभेत एक विलक्षण गोष्ट घडली. अध्यक्षांनी मतदान पुकारायच्या आधीच माणसे उठून गोठ्याकडे गेली. सगळी नव्हे, पण पुष्कळ. हेद्वाने कंदील धरला आणि चौदा क्रमांकाच्या गाईपाशी रांग लागली. शिवणकाम करणारे, हिशेब लिहिणारे, द्राक्षवेलींवर काम करणारे लोक, ज्यांनी वर्षानुवर्षे या गोठ्याचे दूध प्यायले होते पण गाईला कधी हात लावला नव्हता, ते एकेक करून तिच्या कासेवर तळहात ठेवत होते आणि मागे सरत होते. त्यांच्या मनात काय चालले होते हे मी सांगू शकत नाही. काहींना ती गाय यंत्राविरुद्धचा पुरावा वाटली असेल, काहींना यंत्राच्या बाजूचा.

साडेसहाला सगळे परतले. हात मोजण्याचे काम गेरशोनकडे होते. त्याने दोनदा मोजले आणि कागदावर लिहिले. त्याने स्वतःचा हात एकदाही वर केला नाही. मग चष्मा पुसून त्याने निकाल वाचला.

गाई विकण्याच्या बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध एकसष्ट.